अक्काचं डोकं

नांदेडला नात्यातलं एक लग्न होतं. मंगलगाथा संपून जेवणं सुरू झाली होती. मी आणि माझी मोठी जाऊ, अक्का, ताटं घेऊन शेजारी शेजारी बसलो होतो, तेवढ्यात पस्तिशीचा एक माणूस आला आणि माझ्या पाया पडला.

"ओळखलं का मॅडम?"

चेहरा मी लख्ख ओळखला. पहिल्या बाकावर बसायचा, गणितात हुशार होता, पेन्सिल कानामागे खोचायचा. मी मोठ्या हौसेने त्याचं नाव घेतलं. ते त्याच्या शेजारी बसणाऱ्याचं नाव निघालं.

तो हसला. "चालतंय मॅडम, किती पोरं गेली तुमच्या हाताखालून," म्हणाला. विषय तिथेच संपला असता. पण अक्काने हातातला घास ताटात ठेवला आणि त्याच्याकडे निरखून बघितलं.

"आरं, तू हदगावचा न्हाई का? धाव्वीचा निकाल लागला तवा आईला घिऊन आला होतास बाईच्या घरी. कारळाची चटणी आणली होती तुझ्या आईनं, वाटीभर. बरी हाय का आई?"

आणि तिने त्याचं नाव घेतलं. बरोबर नाव. वर आडनावही.

त्या माणसाचे डोळे भरून आले. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. तो अक्काच्या पाया पडला, तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला आणि आईच्या आजारपणाचं सगळं सांगत राहिला. मी त्याला तीन वर्षं बीजगणित शिकवलं होतं. अक्का तेव्हा चार दिवस माझ्याकडे नांदेडला आली होती आणि तिने त्याला एकदाच, अर्धा तास पाहिलं होतं. त्याला आता अठरा-वीस वर्षं झाली होती.

जेवणात जिलेबी होती. ती मला कडू लागली असं म्हणणार नाही. गोडच होती, दोन खाल्ल्या मी. पण छातीत काहीतरी पेटलं होतं आणि ते मला नवीन नव्हतं. नवीन एवढंच होतं, की पहिल्यांदाच मला त्याचं नाव समजलं. मी अक्कावर जळत होते.

हे नीट कळायला आमच्या घरातली जुनी वाटणी सांगायला हवी. मी लग्न होऊन उदगीरला आले ती डी.एड. होऊन आले. पुढे नोकरी करत बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं. सासरे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. आपल्या वस्तीत शिकलेली सून आली याचा त्यांना इतका अभिमान, की कोणी घरी आलं की मला पुस्तक हातात असेल तशी बाहेर बोलवायचे. "ही आमची मास्तरीण सून." अक्काची ओळख कोणी करून देत नसे. ती चहा घेऊन यायची, कप ठेवायची आणि आत जायची. तिला चौथीतून काढून कामाला लावलं होतं. माझी नोकरी आधी उदगीरजवळच्या खेड्यात होती. मी सकाळी सातला एसटी धरायचे आणि माझी मुलगी अक्काच्या कडेवर राहायची. आठ वर्षं राहिली. मग माझी नांदेडला बदली झाली.

हात तिचे, डोकं माझं. असं कोणी बोललं नाही कधी, पण घरात सगळ्यांना ते मान्य होतं. मलाही होतं. स्वयंपाक, लेकरं, पाहुणे, आजारी माणसं, यात अक्का माझ्यापेक्षा सरस आहे हे मी उघड सांगायचे, कारण ते सांगताना माझं काही जात नव्हतं.

आणि आता मी चौसष्ट वर्षांची, निवृत्त, नांदेडच्या घरात एकटी. नवरा जाऊन पाच वर्षं झाली. अक्का एकाहत्तर वर्षांची. आणि माझ्या वाट्याचं जे एकच होतं, तेही तिच्याकडे निघालं होतं.

कारण गोष्ट त्या लग्नापुरती नव्हती. वर्षभरापासून मी विसरत होते. दूध उतू जात होतं. शेजारच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं. त्या बाईंनी तीनदा नाव सांगितलं, मला एकदाही राहिलं नाही. सतराचा पाढा मी अजून उलटा म्हणत होते. आकडे जागेवर होते. माणसं निघून जात होती.

मी उपाय सुरू केले. रात्री भिजवलेले पाच बदाम. ब्राह्मीचं तेल. सुडोकूची पुस्तकं आणून दुपारभर तीच सोडवत बसायचे. मोबाईलवर स्मरणशक्तीचा एक खेळ घेतला, तो दर वेळी "शाबास" म्हणायचा. त्या शाबासकीवर मी दिवस काढायचे. बाहेर जाणं कमी केलं होतं, कारण बाहेर नावं असतात.

मुलगी लातूरला असते. तिने हट्टाने तिथल्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. तोंडावर मास्क लावून बोलत होता. त्याने पाच शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं, मग म्हणाला ते पाच शब्द सांगा. मला तीन आले. चौथा मी भलताच सांगितला. आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क दिले. पाचपैकी तीन म्हणजे काय ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

रक्त तपासलं. बी-बारा कमी निघालं. डॉक्टरने इंजेक्शनं लिहून दिली आणि म्हणाला, "घाबरण्यासारखं काही दिसत नाही. रोज चाला. झोप नीट घ्या. मीठ-साखर आवरा. माणसांत राहा. आणि काहीतरी नवीन शिका, येतं तेच घोटू नका."

"माझ्या जाऊबाई एकाहत्तरच्या आहेत," मी मध्येच म्हणाले. "त्यांना सगळं आठवतं. चौथी शिकल्यात."

"मग त्या दिवसभर काय करतात ते बघा," डॉक्टर हसून म्हणाला, "आणि तसं करा."

मुलीलाही ते पटलं. "आई, जा ना मोठ्या आईकडे थोडे दिवस." ती अक्काला मोठी आई म्हणते. आजही काही झालं की पहिला फोन तिकडे जातो, मग माझ्याकडे येतो. हे मला अनेक वर्षं माहीत होतं. त्या दिवशी ते जरा जास्तच माहीत झालं.

मी उदगीरला गेले. अक्काला सांगितलं, करमत नाही म्हणून आले. ती खूश झाली. तिचा मुलगा आणि सून दोघं नोकरीला जातात, नात शाळेत. दिवसभर घरात आम्ही दोघीच. मी एक वही नेली होती आणि तिच्यात अक्काचा दिवस टिपायला लागले.

ती पहाटे पाचला उठायची. पण डोळे उघडल्यावर लगेच उठत नसे; पाच-दहा मिनिटं ओठ हलवत पडून राहायची. मला वाटलं वंदना म्हणत असेल. मग कोमट पाणी, आणि किल्ल्यापर्यंत पायी. चालणं म्हणजे नुसतं चालणं नव्हे. वाटेत दहा जणांशी बोलायची. कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाची पोर बारावीला आहे, कोणाच्या म्हशीला काय झालं, कालचं आज पुढे विचारायची. येताना बाजारात बिदरकडची एक भाजीवाली बसायची, तिच्याकडून रोज कानडीचा एक शब्द घ्यायचा. कालचा शब्द म्हणून दाखवल्याशिवाय ती बाई आजचा देत नसे. जेवायला ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी, जवसाची चटणी. चहा बिनसाखरेचा. दुपारी झोप वीस मिनिटं. घड्याळ न लावता वीस मिनिटांनी उठायची. मग वर्तमानपत्र. चौथीपर्यंतचं वाचन तिने कधी मोडू दिलं नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट ठेवून वाचायची.

चार वाजता शेजारच्या म्हातारीकडे जायची. म्हातारीला दिसत नव्हतं. अक्का तिला सगळं वर्तमानपत्र सांगायची. पेपर घरी ठेवून, तोंडी. मी एक दिवस बरोबर गेले आणि पेपर पिशवीत लपवून नेला. अक्का सांगत होती, मी चोरून ताडून पाहत होते. एक तरी चूक सापडावी असं मला मनापासून वाटत होतं. गावांची नावं बरोबर, आकडे बरोबर. एका बातमीत तिने पदरचं घातलं होतं, पण ते मूळ बातमीपेक्षा चांगलं होतं.

संध्याकाळी सहाला विहार. वस्तीतल्या विहाराची किल्ली तिच्याकडे असायची. सात-आठ बायका जमायच्या, अक्का पुढे बसून वंदना सांगायची. सगळी पाली गाथा पाठ. ते वयाच्या चाळिशीनंतर केलेलं पाठांतर होतं, हे मला माहीत होतं.

रविवारी नात आणि ती चिंचोके फोडून चल्लस-आठ खेळायच्या. मीही बसले. मला वाटलं इथे तरी. सोंगट्यांच्या खेळात शेवटी गणितच असतं. अक्काने मला तीनदा हरवलं. माझ्या सोंगट्या कुठे आहेत ते मला बघावं लागत होतं, तिला माझ्याही सोंगट्या न बघता माहीत होत्या.

"काय गं मास्तरीणबाई," ती हसत म्हणाली, "पेन्शनीत गेलीस की काय?"

ती चेष्टा होती. चाळीस वर्षं ती मला अशीच चिडवते. मी हसले आणि वहीत काही लिहिलं नाही त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी तिचा चष्मा खिडकीत होता. मी खिडकी पुसताना तो उचलून कपाटावर ठेवला. खरंच सहज ठेवला. दुपारी अक्का खिडकीपाशी आली, हात फिरवला, थांबली. "हितं ठिवला होता की." ती घरभर हिंडली. मला आठवत होतं चष्मा कुठे आहे. मी सांगू शकले असते. मी सांगितलं नाही. दहा मिनिटं ती शोधत होती, आणि ती दहा मिनिटं मला इतकी बरी वाटली, की लिहिताना अजून लाज वाटते.

नंतरच्या गोष्टी सहज नव्हत्या. गुळाचा डबा मी वरच्या फळीवरून खालच्या फळीवर ठेवला. तिची कानडीच्या शब्दांची चिठ्ठी उशीखालून काढून पेपरात घातली. आणि मग किल्ली. विहाराची किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला असायची. मी ती तुरीच्या डाळीच्या डब्यात खोल खुपसली.

संध्याकाळी बायका विहारासमोर उभ्या राहिल्या आणि अक्का रिकाम्या खिळ्यासमोर. "मी हितंच अडकवली, बाई. मला चांगलं ध्यानात हाय." तिने तीनदा तेच म्हटलं. त्या दिवशी वंदना बाहेर पायरीवरच झाली. दुसऱ्या दिवशी सून डाळ काढायला गेली आणि किल्ली तिच्या हाताला लागली.

"अवं मामी, किल्ली डाळीत शिजवणार होता का?" ती अक्काला हसत हसत म्हणाली. "आता तुमचंबी वय झालं बरं का."

"होतं असं या वयात, अक्का," मी म्हणाले. शांतपणे, समजूतदारपणे. पालकांना मुलगा नापास झाल्याचं सांगताना मी जसा आवाज लावायचे, तसा.

अक्का हसली नाही. तिने किल्ली धुतली, पुसली आणि खिळ्याला लावली. मग हात लावून पाहिली. थोड्या वेळाने परत येऊन पाहिली.

मला वाटलं होतं, ती थोडी माझ्यासारखी होईल आणि मला बरं वाटेल. दोन दिवसांत ती माझ्यापेक्षा वाईट झाली. गॅसचं बटण तीन तीनदा बघायची. पदराला गाठी मारायला लागली आणि गाठ कशाची ते आठवत बसायची. म्हातारीकडे पेपर हातात घेऊन गेली. बाजारात जायची वेळ झाली तर म्हणाली, "आज नको, पाय दुखून राहिलेत." पाय दुखत नव्हते. कालचा शब्द आला नाही तर, याची तिला भीती वाटत होती. ती भीती मी ओळखली. वर्षभर मीही तीच भीती बाळगत होते. तरी मी बोलले नाही. बोलायचं म्हणजे काय केलं ते सांगावं लागणार होतं.

त्या पौर्णिमेला विहारात जास्त बायका होत्या. अक्का पुढे बसली, हात जोडले. शरणगमन झालं. शीलं सुरू झाली. पहिलं शील झालं. दुसरं झालं, न दिलेलं घेणार नाही असं सांगणारं. आणि ती थांबली. पुन्हा दुसरंच म्हणाली. पुन्हा थांबली. पंचशील तिसरीतल्या पोरालाही येतं. तीस वर्षं ती ते रोज सांगत होती.

अक्का मागे वळली. इतक्या जणींतून तिने माझ्याकडे पाहिलं. फळ्यासमोर अडकलेलं पोर बाईंकडे बघतं, तसं. मी तोंड उघडलं, पण माझ्या तोंडून ते तिसरं शील निघेना. शेवटी मागून एका बाईने धरलं आणि वंदना पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का फिरायला निघाली नाही. मी उठले तेव्हा ती खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. मी शेजारी बसले.

"माझी माय कशी गेली तुला म्हाईत हाय का?" ती म्हणाली.

मला एवढंच माहीत होतं, की ती निलंग्याकडच्या गावात बरीच वर्षं अंथरुणावर होती.

"आंथरुणावर न्हवती. हिंडत होती. पण दोन वर्षं तिला मी कोण ते कळत न्हवतं. मी भाकरी घिऊन गेले की म्हणायची, 'बाई, कुणाच्या तुम्ही? लई गुणाच्या हात.' सख्खी माय. तवापासून रोज सकाळी डोळं उघडलं की उठायच्या आधी मी समद्यांची नावं घेते. मायचं, बापाचं, भावाभैणीचं, ह्यांचं, लेकराचं, तुझं, तुझ्या पोरीचं. समदी आली की मग उठते. आज नातीच्या नावापाशी थांबले." तिने माझा हात धरला. तिचा हात गार होता. "तू शिकलेली हाईस. कुठं दाखवू ते सांग. लेकाला आत्ताच सांगू नगंस."

वहीत मी लिहिलं होतं, पाच-दहा मिनिटं ओठ हलवते. कशासाठी ते मी विचारलंही नव्हतं.

"अक्का," मी म्हणाले, "किल्ली मी ठेवली डाळीत."

"काय?"

"किल्ली मी ठेवली. चष्मा, गूळ, ती चिठ्ठी, सगळं मीच. तुझं काही झालेलं नाही."

तिने माझा हात सोडला. मग विचारलं, "कामून?"

मी पुष्कळ काही सांगू शकले असते. डॉक्टर, एकटेपण, बी-बारा. पण खरं उत्तर एका वाक्यात मावणारं होतं. "तुला सगळं आठवतं म्हणून. मला बघवलं नाही."

अक्का उठली, चपला घातल्या आणि किल्ल्याकडे एकटीच निघून गेली. दीड तासाने आली. आल्या आल्या म्हणाली, "साडेअकराला नांदेडची गाडी हाय. पिशवी भर."

मी पिशवी भरली. ती स्टँडवर सोडायला आली. घरातून माणूस निघालं की सोडायला जायचं, हे तिने रागातही मोडलं नाही. गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. ती माझ्याकडे न बघता बोलली, आणि जाणूनबुजून मोठ्याने बोलली.

"तू इसरत न्हाईस. तुला ऐकू येत न्हाई."

"म्हणजे?"

"तीन हप्ते मी बघून राहिले. मागून हाक मारली की वळत न्हाईस. भाजीवाली तुला तिचं नाव सांगत होती, तू तिच्या तोंडाकडं बघत नुसतं हां हां करत होतीस. सून हळू बोलली की तू हसतेस, हसायचं काई नसलं तरी. कानात शिरलंच न्हाई ते डोक्यात कुठून ऱ्हाईल? कान दाखव." गाडी लागली. ती उठली. "तू माझ्याकडं बघत होतीस, मीबी तुझ्याकडं बघत होते. तू कशापायी बघत होतीस ते आज कळालं."

जळकोट येईपर्यंत मी रडत होते. शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं. मला ते ऐकू आलं नाही. आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की मला ते ऐकू आलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात लातूरला कान तपासले. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येत होतं. डॉक्टरच्या मास्कमागून आलेला चौथा शब्द कदाचित मी विसरले नव्हते, भलताच ऐकला होता. सगळंच कानांमुळे झालं असं नाही. लग्नात त्या विद्यार्थ्याचं नाव चुकलं ते वयाने चुकलं, आणि बाकीचं, तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं तसं, ऐकू येत नाही म्हणून माणसं टाळायची आणि माणसं टाळली म्हणून डोकं गंजायचं, या फेऱ्याने. मशीन बसवलं त्या दिवशी मुलीच्या घरात मला माझ्या बांगड्या ऐकू आल्या. पंखा इतका आवाज करतो हे माहीत नव्हतं.

मुलीला मी स्वतःच सगळं सांगितलं. ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. "मोठ्या आईला?" एवढंच म्हणाली होती. ती कोणाच्या बाजूने उभी राहील याची मला खात्री होती. त्याचंही वाईट वाटलं. अशा वेळीही वाटलं.

अक्काने फोन उचलणं बंद केलं. मी आठवड्यातून एकदा करायचे, वाजून वाजून बंद व्हायचा. नांदेडला मी सकाळी गोदावरीच्या घाटाकडे चालायला जाऊ लागले. सुडोकू सोडून दिलं. शेजारच्या बाईंकडे जाऊन चौथ्यांदा नाव विचारलं. का विचारते तेही सांगितलं. त्या तेलुगू बोलणाऱ्या निघाल्या. मी त्यांच्याकडून तेलुगू शिकायला लागले. आधी मला वाटलं, आपण सुधारतोय. मग कळलं, अक्काला कानडी येतं म्हणून मी तेलुगू घेतली होती. असू दे, म्हटलं. डोक्याला कशानेही का होईना, काम मिळालं.

तीन महिन्यांनी एका दुपारी फोन वाजला. अक्का होती. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"ते क्ष म्हंजे काय गं?"

"काय?"

"नातीच्या पुस्तकात हाय. क्ष अधिक पाच बरोबर बारा. आकड्यांत अक्षर कामून घातलं? तिला इचारलं तर म्हणती, आज्जी तुला न्हाई कळायचं."

मी खुर्चीवर बसले. मशीन नीट केलं. "जे माहीत नाही त्याला क्ष म्हणायचं, अक्का. सापडेपर्यंत."

ती विचार करत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता. "म्हंजे घरी पाव्हणा आला, नाव म्हाईत न्हाई, तवर पाव्हणा म्हणायचं."

"हो. तसंच."

"मग तो सात हाय."

"कोण?"

"पाव्हणा."

चाळीस वर्षांत इतकी चांगली व्याख्या माझ्या कोणत्या विद्यार्थ्याने केली नव्हती. तेवढ्यात ती म्हणाली, "आन हे बग. मी इसरले न्हाई. मला इसरता येत न्हाई, तीच तर माझी अडचण हाय. पर गणित मला दुसरं कोण शिकवणार?"

तेव्हापासून रोज साडेचारला, म्हातारीला बातम्या सांगून झाल्या की अक्काचा फोन येतो. अर्धा तास. ती नातीचं पुस्तक घेऊन बसते, मी इकडे कागद घेऊन. तिने माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. कधी कधी बोलता बोलता ती अचानक थांबते आणि मला कळतं, की आत काहीतरी वर आलं. मी वाट बघते. मग ती म्हणते, "हं, पुढं सांग."

आज तिने एक उदाहरण कागद न घेता तोंडी सोडवलं. मी लिहून सोडवत होते. माझी शेवटची ओळ व्हायच्या आत तिचं उत्तर आलं. छातीत तेच जुनं पेटलं. या वेळी मी ते ठेवून घेतलं नाही.

"अक्का, खरं सांगू का? मला अजून तुझा हेवा वाटतो."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "आवाजातच कळालं. उद्या काय हाय?"

उद्या दोन समीकरणं एकदम घ्यायची, असं ठरलं आहे. ती आज रात्री धडा वाचून ठेवणार, हे मला माहीत आहे. म्हणून मीही फोन ठेवल्याबरोबर माळ्यावरून जुनं पुस्तक काढलं आणि पहिल्या उदाहरणापासून सोडवायला बसले.